उजवीकडची सहावी बरगडी

बी.एस्सी.चा निकाल लागला आणि त्याच उन्हाळ्यात तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. लागली म्हणजे लागल्यातच जमा होती. इंटरव्ह्यू झाला होता, साहेबांनी "पुढच्या महिन्यापासून या" असं तोंडी सांगितलं होतं. राहिली होती फक्त मेडिकल. रक्त, लघवी, डोळे आणि छातीचा एक्सरे, हे सगळं पनवेलमध्ये कंपनीनं ठरवलेल्या डॉक्टरांकडे करायचं होतं. मी सकाळी उपाशीपोटी गेले, दुपारी घरी येऊन जेवले आणि ती गोष्ट विसरून गेले.

आमचं गाव पनवेल-तळोजा रस्त्यापासून जरा आत. बाबा पूर्वी भातशेती करायचे. जमीन नव्या शहरासाठी गेली, तेव्हा ते तळोज्यातल्याच एका दुसऱ्या कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले. तिथं कापडाच्या रंगाची पावडर बनायची. पाळी संपवून ते घरी यायचे तेव्हा त्यांची नखं हळदीत बोटं बुडवल्यासारखी पिवळी असायची आणि कपड्यांना एक आंबट, घशाला झोंबणारा वास असायचा. आम्हाला त्याची सवय होती. माझ्या लहानपणी तोच बाबांचा वास होता.

घरातली मुलगी कंपनीत जाणार, तीही पांढरा कोट घालून, याचं बाबांना फार कौतुक होतं. रस्त्यात कोणी भेटलं की थांबवून सांगायचे, "पोरगी लॅबमदी बसणार हाय. मशिनीवर नाय."

मेडिकलनंतर दोन-तीन दिवसांनी निरोप आला की डॉक्टरांनी परत बोलावलंय आणि सोबत घरचं मोठं माणूस आणा म्हणून सांगितलंय. बाबांची दुसरी पाळी होती. त्यांनी ती बदलून घेतली आणि आम्ही दोघं पनवेलला गेलो.

डॉक्टर पन्नाशीचे होते, बोलायला मऊ. त्यांच्या टेबलामागे भिंतीवर काचेची पेटी होती. त्यांनी तिच्यात माझा एक्सरे अडकवला आणि दिवा लावला. मी माझी छाती पहिल्यांदाच अशी बघत होते. मधे हृदयाची पांढरी सावली, दोन्ही बाजूंना काळी फुप्फुसं आणि त्यांच्यावरून वळत गेलेल्या बरगड्या.

"फुप्फुसं स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "काळजी त्याची नाही. ही बरगडी बघा."

त्यांनी पेनाचं टोक ठेवलं. उजवीकडची सहावी. वरच्या-खालच्या बरगड्या एकसारख्या रुंदीच्या, कडा ठळक. ही मात्र बाजूला एके ठिकाणी फुगली होती, बेडूक गिळलेल्या सापासारखी. आणि फुगलेल्या जागी हाडाचा पांढरेपणा नव्हता. धुरकट, दूध पडलेल्या काचेसारखं काहीतरी होतं.

"इथं दुखतं?" त्यांनी माझ्या कुशीवर अंगठा दाबला.

"नाही."

"कधी पडलीस? मार लागला?"

"नाही."

"ताप येतो? वजन कमी झालंय?"

मी मान हलवली. बाबा पेटीकडेच बघत होते. "मग हे काय हाय, साहेब?"

"तेच मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "हाडात काहीतरी आहे, जे एरवी नसतं. साधंही असेल. साधं नसेलही. हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी बघायला हवं. ते मुंबईहून दर शनिवारी पनवेलला येतात. त्यांनी लिहून दिल्याशिवाय मी हिच्या फिटनेसवर सही करू शकत नाही."

आम्ही बाहेर आलो. एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. तिथं त्यांनी मला शहाळं घेऊन दिलं, स्वतः घेतलं नाही. एक्सरेचा मोठा लिफाफा त्यांनी काखेत असा घट्ट धरला होता की त्याची एक कड दुमडून गेली.

"आईला मी सांगतो," ते म्हणाले. "तू गप बस."

पण घरी पोचल्यावर त्यांच्यानं सांगवेना. आईनं ताटं वाढली, दोनदा विचारलं, "काय बोलले डॉक्टर?" ते भात कालवत राहिले. शेवटी मीच सांगितलं. आईनं हातातली पळी खाली ठेवली, माझ्या कुशीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वरून तर काय लागत नाय हाताला."

लागत नव्हतं, हे खरंच. त्या आठवड्यात अंघोळीच्या वेळी मी रोज बोटांनी बरगड्या मोजायचे. गळ्याच्या हाडापासून खाली येताना कधी सहावी सापडायची, कधी पाचवीच सहावी वाटायची. मग एके दिवशी मला तिथं उंचवटा लागला आणि मी न्हाणीत तशीच उभी राहिले. नंतर डावीकडे चाचपलं तर तिथंही तसाच लागला. जिथं बोट दाबावं तिथं काहीतरी लागत होतं.

घरात त्या आजाराचं नाव कोणी घेतलं नाही. गावातली एक बाई वर्षभरापूर्वी त्यानं गेली होती. तिचा विषय निघाला की आई उठून आत जायची. मी पुस्तकात शोधायचं म्हटलं तर माझ्याकडे होती रसायनशास्त्राची पुस्तकं. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्यापलीकडे त्यांत हाडाबद्दल काही नव्हतं.

एका सकाळी बाबा रात्रपाळी करून आले होते. मी मागच्या दारी गेले तर ते धुण्याच्या दगडावर उकिडवे बसून स्वतःचा युनिफॉर्म धूत होते. बाबांनी घरात कधी कपडे धुतलेले मी पाहिले नव्हते. दगडावरून पिवळं पाणी वाहत होतं.

आई म्हणाली, "ठेवा तिथं. मी धुते की."

"नको. तू हात लावू नको."

"इतकी वर्षं कोण धूत होतं?"

त्यांनी कपडे पिळले आणि आमच्या दोरीवर न टाकता पार कुंपणाच्या टोकाला, शेवग्याच्या फांदीवर नेऊन टाकले. त्या दिवसापासून ते कंपनीतच अंघोळ करून, दुसरे कपडे घालून यायला लागले. मळलेल्या शर्ट-पँटचं बोचकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं असायचं. घरात शिरताना ते माझ्यापासून जरा लांबून जायचे.

मला कळलं. थंडीत शाळेत जाताना मी त्यांचं कंपनीचं जाकीट घालून जायचे. ते पाळीवरून आले की धावत जाऊन त्यांच्या पोटाला मिठी मारायचे. माझे फ्रॉक आणि त्यांचा युनिफॉर्म एकाच बादलीत भिजायचे. तळोज्याच्या धुराबद्दल, नदीच्या पाण्याबद्दल गावात रोज कोणी ना कोणी बोलत असे. बाबा त्यावर म्हणायचे, "पोट भरतंय ना त्याच्यावर." आता ते काहीच म्हणत नव्हते. मला त्यांना सांगायचं होतं की तुमच्यामुळे नाही. पण तसं नाही, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

शनिवारी हाडांच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. प्लास्टरमधले पाय, गळ्यात बांधलेले हात. त्यांच्यात मी धडधाकट बसले होते, आणि मला वाटत होतं की या सगळ्यांपेक्षा मीच जास्त आजारी आहे.

डॉक्टर उंच होते, बोलायला तोडून टाकल्यासारखे. त्यांनी एक्सरे उजेडात धरला, खाली ठेवला, मला तपासलं, पुन्हा धरला.

"जुना एक्सरे आहे का हिचा? छातीचा?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले.

"कधी काढला होता का?" डॉक्टरांनी मला विचारलं. "लहानपणी? खोकला वगैरे?"

तेव्हा मला आठवलं. आठवीत असताना मला महिनाभर खोकला होता आणि संध्याकाळी ताप यायचा. टीबी असेल म्हणून पनवेललाच फोटो काढला होता. टीबी नव्हता, खोकला आपोआप गेला.

"तेव्हा बरगडीबद्दल कोणी काही बोललं?"

"नाही. फुप्फुसं चांगली आहेत म्हणाले."

"फुप्फुसं बघायची होती, फुप्फुसं बघितली असतील. हाड कोण बघतं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच आमच्याकडे नीट बघून बोलले. "हे बघा. एका फोटोवरून मला या हाडाचा स्वभाव सांगता येत नाही. दोन लागतात. आठवीतल्या फोटोत हे असंच असेल, तर ते वर्षानुवर्षं तिथं बसलंय, कोणाला त्रास न देता. मग मी त्याला हात लावणार नाही. पण तेव्हा नसेल आणि नंतर आलं असेल, तर मला थांबायचं नाही. पुढच्या आठवड्यात मुंबईला दाखल करायचं, हाड उघडायचं, तुकडा काढून तपासायचा. फोटो मिळालाच नाही, तरी तेच करावं लागेल. तो फोटो शोधा."

परत येताना माझ्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. फोटो घरातच होता. कपाटावर, खाकी लिफाफ्यात, मी कितीदा पाहिला होता. घरी गेल्या गेल्या मी स्टुलावर चढले. कपाटावर जुनी घोंगडी, पत्र्याची पेटी, गणपतीच्या मखराचं सामान. लिफाफाही होता. रिकामा.

आई खाली उभी होती. तिचा चेहरा उतरला. "तो तर ग्रहणाला दिला."

आदल्या दिवाळीत सूर्यग्रहण झालं होतं. एक्सरेच्या फिल्ममधून सूर्य बघता येतो असं तेव्हा सगळीकडे पसरलं होतं. त्यानं डोळे जातात हे कोणी ऐकून घेत नव्हतं. आईनं परसातल्या भिंतीवरून तो फोटो काकूला दिला होता, आणि काकांनी कात्रीनं त्याचे तुकडे करून आळीत वाटले होते.

"काकांनी?" मी विचारलं.

आई बाबांकडे न बघता म्हणाली, "मुलं मागत होती. मी काय करू."

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचं घर आमच्याला लागून, मधे एक भिंत. ती भिंत बांधण्यावरूनच दोघांचं बिनसलं होतं. कॉलेजची तीन वर्षं मी त्यांना एकमेकांशी बोलताना पाहिलं नव्हतं. गावकीत एकमेकांकडे पाठ करून बसत. आई आणि काकू मात्र मागच्या बाजूनं कालवण, लोणचं, काय काय देत-घेत असत आणि भावांना हे ठाऊक नाही असं दोघी समजत असत.

आई म्हणाली, "मी जाते. काकूला विचारते."

"तू थांब," बाबा म्हणाले. त्यांनी चपला घातल्या. मीही मागोमाग गेले.

संध्याकाळची वेळ. काका ओटीवर जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून, ते विणत बसले होते. बाबा अंगणात उभे राहिले. पायरी चढले नाहीत.

"त्या ग्रहणाच्या फोटोचे तुकडे हायेत काय?" बाबांनी विचारलं.

काकांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे. "कशाला?"

"डॉक्टरला पाहिजेत."

"कोणाला काय झालंय?"

बाबांनी फक्त माझ्याकडे हात केला. काकांनी अंगठ्यातलं जाळं सोडलं आणि उठले. "वर ये," ते बाबांना म्हणाले. "उभा का हायेस?"

बाबा वर गेले. काकूनं माझ्या तोंडून सगळं काढून घेतलं आणि शेजारच्या घरांकडे चालायला लागली. थोड्या वेळानं ती तीन तुकडे घेऊन आली. एक कोणाच्या देव्हाऱ्यामागे पडला होता, एक लहान पोराच्या दप्तरात निघाला, एकावर कोणी रांगोळीसाठी भोकं पाडली होती. काकूनं ते ओटीवर मांडले. डावा खांदा, मान, पोटाचा वरचा भाग. उजवी कूस कुठंच नव्हती.

काका तुकड्यांकडे बघत होते. "उजवी म्हणजे कुठली बाजू यात?"

"या मानेच्या खालची. जरा लांबट तुकडा असेल," मी म्हटलं.

ते घराला वळसा घालून मागे गेले. आम्हीही गेलो. गोठ्याच्या खिडकीची एक काच फुटलेली होती आणि तिथं चुका मारून काहीतरी काळं लावलेलं होतं. काकांनी पकड आणली. "सावकाश," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खालची बाजू धरली. काका एकेक चूक उपटत होते, बाबा फिल्म फाटू नये म्हणून तळव्यानं दाबून धरत होते.

तुकड्यावर धुराची, शेणाच्या शिंतोड्यांची पुटं बसली होती. काकूनं परातीत पाणी घेतलं आणि बोटांच्या टोकांनी, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं ते पुसलं. हळूहळू खालून बरगड्या वर आल्या. मानेच्या तुकड्याची कड त्याला बरोबर जुळली. कोपऱ्यात इंग्रजी आर हे अक्षर होतं. उजवी बाजूच होती.

आम्ही तो दिव्यासमोर धरला. सगळे वाकून बघत होते.

"हाय काय?" आईनं विचारलं. ती कधी येऊन उभी राहिली ते मला कळलंही नव्हतं.

मला वाटलं, आहे. सहावी बरगडी तिथं जाड दिसत होती. मग वाटलं, ओरखड्यामुळे तसं दिसतंय. काका म्हणाले आहे. बाबा म्हणाले, "आपल्याला पाहिजे तेच दिसतंय काय, ते बघ." फोटो रुमालात गुंडाळून घरी आणला.

पुढच्या शनिवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. आई सकाळ-संध्याकाळ देवापुढे बसायची. मुंबईला न्यायची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. तिच्यात माझे दोन गाऊन, साबण, तांब्या. येता-जाता मी त्या पिशवीकडे बघायचं टाळायचे.

डॉक्टरांनी दोन तुकडे हातात घेतले आणि चुकांच्या भोकांवरून बोट फिरवलं. "कुठं होता हा?"

"गोठ्यात," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी तुकडे पेटीत नव्या एक्सरेशेजारी लावले. मग खणातून पारदर्शक पट्टी काढली आणि जुन्यावर ठेवली, नव्यावर ठेवली, पुन्हा जुन्यावर. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता. मला अचानक असं वाटलं की मी उठून बाहेर जावं, कोणी काही सांगायच्या आत.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "तेव्हाही होतं. इथंच. तू वाढलीस तितकीच ही वाढलीय. जास्त नाही. कडा शाबूत आहेत."

त्यांनी कागदावर एक नाव लिहिलं, फायब्रस डिसप्लेसिया, आणि समजावून सांगितलं. हाड पक्कं होत असताना एका जागी नीट हाड तयारच झालं नव्हतं, त्याऐवजी तंतू राहिले होते. भिंतीत एके ठिकाणी सिमेंटऐवजी काथ्या भरला जावा तसं. मांडीच्या हाडात असतं तर जपावं लागलं असतं, बरगडीवर भार नसतो. हा कॅन्सर नव्हे, असं ते स्पष्ट म्हणाले. तो शब्द त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा कोणी उच्चारला. सहा महिन्यांनी पुन्हा एक फोटो काढायचा, मग वर्षानं. दुखायला लागलं किंवा वाढलं तर लगेच यायचं.

मी उठले. बाबा बसूनच होते.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"मी केमिकल कंपनीत हाय. अंगावर, कपड्यांवर येतं ते. ही लहान होती तवापासून. त्याच्यानं झालं काय?"

डॉक्टरांनी बाबांच्या हातांकडे, नखांकडे पाहिलं. "त्या पावडरीनं तुमच्या छातीला काय होतं, ते मी सांगू शकत नाही. तुम्ही तोंडाला फडकं बांधत जा. पण हे हाड त्यानं झालेलं नाही. हे असं का होतं ते आम्हालाही नीट माहीत नाही, पण याची सुरुवात ती पोटात असतानाच झालेली असते. कोणाच्या करण्यानं नाही. तुमच्या नाही, तिच्या आईच्याही नाही."

"पोटात असताना," बाबा म्हणाले. "तवा आमी शेती करत होतो."

"मग झालं तर," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर बाबा बसले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि रडले. मोठ्यानं नाही. प्लास्टर घातलेली एक म्हातारी शेजारून सरकली आणि तिनं त्यांना जागा करून दिली. तिला वाटलं असेल, वाईट काही सांगितलंय. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले. या खेपेला ते सरकले नाहीत.

मला नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी बाबांनी मला एकच गोष्ट सांगितली, की तोंडाला फडकं बांध, कोणी हसलं तरी. भावाभावांचं म्हणाल तर तसं गोडीगुलाबीचं काही झालं नाही. भिंत राहिली, तिच्यावरून कुरबुरी राहिल्या. पण बोलणं सुरू झालं, आणि दर फोटोच्या वेळी काका कुंपणापाशी उभे राहून विचारायचे, "काय, हाय तेवढीच ना?"

तेवढीच राहिली. नंतर तर डॉक्टरांनीच सांगितलं की आता येऊ नका.

दोन-तीन वर्षांनी मला बघायला द्रोणागिरीकडचं एक स्थळ आलं. मुलगा बंदरात नोकरीला होता. आईनं बजावलं होतं, बरगडीचा विषय काढायचा नाही. माणसांना काय कळतंय, उगाच भलतं समजतील. आम्हाला दोघांना ओटीवर बोलायला बसवलं तेव्हा मी पहिलं तेच सांगितलं. जन्मापासून आहे, वाढत नाही, डॉक्टरांनी असं असं नाव सांगितलंय. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला.

त्यानं जरा विचार केला. "दुखतं का?"

"नाही. कधीच दुखलं नाही."

"मग ठीक," तो म्हणाला, आणि त्यानं मला द्रोणागिरीहून तळोज्याला कामावर जायला-यायला बस कुठून मिळेल ते विचारलं.